पोटाचा घाव : मिटणें आणि भरणें

शस्त्रक्रियेच्या दिवसाची धास्ती सर्वांनाच असते. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षाचा विचार मात्र फार थोड्या घरांतून होतो. रुग्ण टेबलावरून जिवंत उतरला, टांके निघाले, इस्पितळानें घरीं जाण्याची परवानगी दिली, कीं दुखणें संपलें असें मानण्याची रीत घरोघर आहे. हाताबोटावरील लहानसहान जखमांच्या बाबतींत या समजुतीनें फारसें बिघडत नाहीं. पोटाच्या बाबतींत ती महागांत पडते. छातीला फांसळ्यांचा पिंजरा आहे, मेंदूला कवटीची पेटी आहे. पोटाची पुढली भिंत मात्र केवळ स्नायू आणि त्यांचीं चिवट पटलें यांच्या जोरावर उभी असते. श्वासागणिक, खोकल्यागणिक, उचललेल्या प्रत्येक ओझ्यागणिक तिजवर आंतून दाब येतो. अशी भिंत एकदां उभी कापली म्हणजे तिच्या अंगीं बळ येण्यास दिवस नव्हे, महिने लागतात. आणि पूर्वींइतकें बळ तर तीस पुनः कधींच येत नाहीं. घाव मिटणें आणि घाव भरणें या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. पहिली शल्यवैद्याच्या हातची. दुसरी रुग्णाच्या शरीराची आणि त्याच्या घरच्या माणसांची.

धाराशिव जिल्ह्यांतील कळंब तालुक्यांत येरमाळा हें गांव आहे. सोलापूर-धुळें महामार्ग तेथून जातो आणि बार्शीहून कळंबकडे जाणारी वाटही त्यास तेथेंच मिळते. गांवाजवळच्या डोंगरावर येडेश्वरीचें देऊळ आहे; चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत भाविक चुनखडीचे खडे वेचून देवीच्या पालखीस वाहतात, आणि त्यासाठीं लांबलांबहून माणसांचे लोंढे येतात. अशा गांवांतील माणसाचें पोट उघडण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. विषमज्वरानें आंतड्यास पडलेलें भोंक, फुटलेलें आंत्रपुच्छ, जठरांतील फुटलेला व्रण, बैलाच्या शिंगानें झालेली इजा, अथवा महामार्गावरील अपघात. नातलग रुग्णास घेऊन बार्शी, धाराशिव, अंबाजोगाई, लातूर किंवा सोलापूर गांठतात आणि तेथें प्राण वांचतो. पुढें तो माणूस परत येतो. त्यानें ऊसतोडीवर केव्हां जावें, भरलेली कळशी केव्हां उचलावी, देवीच्या पायऱ्या केव्हां चढाव्या, हे प्रश्न इस्पितळाचे राहत नाहींत; ते घराचे होतात. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनाही हे प्रश्न परके नाहींत. गांवाकडचा भाऊ किंवा मावसा शहरांतल्या घरींच उतरतो, आणि घरांतल्या शिकलेल्या माणसानें सांगितलेल्या शब्दावर विसंबून गांवीं परततो. तो शब्द बरोबर असावा, एवढ्यासाठीं तरी या विषयाची ओळख अवश्य आहे.

पोट शिवण्याची विद्या या देशाला नवी नाहीं. सुश्रुतसंहितेंत जखमा शिवण्याच्या चार तऱ्हा दिल्या आहेत, आणि सणाचा दोरा, स्नायूचे तंतू, केंस असे शिवण्याचे पदार्थही सांगितले आहेत. सुयांचेंही वर्गीकरण आहे. कमी मांसाच्या जागीं आणि सांध्यांवर वाटोळी सुई, मांसल जागीं तीन धारांची, आणि मर्मस्थानें व उदर यांसाठीं धनुष्याप्रमाणें वांकडी. आजच्या शस्त्रक्रियागृहांत पोटाच्या शिवणीसाठीं वापरली जाणारी सुईही वांकडीच असते, कारण ती खोल जाऊन पुनः वर आली पाहिजे. बाहेर आलेलें आंतडें दुधानें धुऊन, तूप लावून, नखें काढलेल्या बोटानें हळूहळू आंत सारावें, असेंही त्या ग्रंथांत आहे. आंतड्याचा छेद जुळविण्यासाठीं काळ्या मुंग्यांकडून त्याच्या दोन्ही कडा चाववून घ्याव्या, आणि मग मुंग्यांचीं धडें तोडून डोकीं तशींच राहूं द्यावीं, ही त्यांतील युक्ति सर्वश्रुत आहे. आज आंतडें जोडण्यासाठीं धातूच्या बारीक आंकड्यांचें यंत्र वापरतात. कडा चिमटींत धरून ठेवण्याचें तत्त्व दोहोंकडे एकच. त्या काळीं जंतूंचें ज्ञान मात्र नव्हतें, आणि म्हणून कितीही हुशारीनें शिवलेलें पोट आंतून कुजण्याचा धोका टळत नव्हता.

जंतूंचें ज्ञान झाल्यावरही हा धोका एकदम गेला नाहीं, हें महाराष्ट्रांतील एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसतें. १९२२ सालच्या मार्चमध्यें सहा वर्षांची शिक्षा होऊन महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत होते. १९२४ च्या जानेवारींत त्यांच्या पोटांत तीव्र वेदना सुरू झाल्या. आंत्रपुच्छाचा दाह असल्याचें निदान होऊन त्यांस पुण्याच्या ससून इस्पितळांत हलविण्यांत आलें. १२ जानेवारीच्या रात्रीं कर्नल मॅडॉक यांनीं शस्त्रक्रिया केली. ती चालू असतां वादळामुळें वीज गेली आणि अखेरचें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. परंतु जखमेच्या जागीं पू धरला आणि सुधारणा अपेक्षेपेक्षां मंद गतीनें होऊं लागली. ५ फेब्रुवारीस सरकारनें त्यांची सुटका केली. मार्चमध्यें ते विश्रांतीसाठीं मुंबईजवळ जुहू येथें समुद्रकांठीं राहिले, आणि मे महिन्याच्या अखेरीस साबरमतीच्या आश्रमांत परतले. पेनिसिलिनचा शोध अद्याप लागावयाचा होता. तो १९२८ चा. कुशल हात, मोठें इस्पितळ आणि साऱ्या देशाचें लक्ष असूनही एका आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर नेहमींच्या ठिकाणीं व नेहमींच्या कामीं परतण्यास चार महिन्यांहून अधिक काळ गेला. जुहूच्या मुक्कामांतही त्यांनीं लिखाण आणि भेटीगांठी चालू ठेवल्या होत्या. विश्रांति म्हणजे निष्क्रियता नव्हे, हेंही त्यावरून ध्यानांत यावें.

आतां घाव भरतो म्हणजे काय होतें तें पाहूं. पोटाच्या मध्यावर, छातीच्या खालच्या टोंकापासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत, एक पांढरी चिवट रेषा असते. तीस श्वेतरेषा म्हणतात. दोन्ही बाजूंच्या स्नायूंचीं पटलें तेथें एकमेकांत विणलेलीं असतात. तेथें मोठी रक्तवाहिनी नाहीं, छेद त्वरित होतो आणि पोटाचा कोणताही कोपरा हातीं येतो. म्हणून तांतडीच्या प्रसंगीं शल्यवैद्य त्याच रेषेवर उभा छेद घेतात. परंतु ज्या कारणानें तेथें रक्त कमी सांडतें, त्याच कारणानें ती जागा भरण्यास वेळ लागतो. रुग्णास आणि नातलगांस दिसते ती वरची त्वचा. तिचा जोड दोन-तीन दिवसांत बंद होतो आणि पोटावरचे टांके दहा ते चौदा दिवसांत काढतां येतात. पोटास खरा आधार देणारें पटल त्याच्याही खालीं, दृष्टीआड असतें.

पहिले चार-पांच दिवस जोडाच्या अंगीं स्वतःचें बळ असें जवळजवळ नसतेंच; सारा भार धाग्यावर असतो. त्यानंतर शरीर कोलॅजन नांवाचे तंतू विणूं लागतें. आरंभीं हे तंतू अस्ताव्यस्त आणि कच्चे असतात. पुढें महिनोन् महिने ते मोडले जाऊन ताणाच्या दिशेनें पुनः नीट रचले जातात. त्वचेपुरतें बोलावयाचें तर पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जोडाचें बळ मूळच्या सुमारें दशांश असतें, आणि तीन महिन्यांनीं तें शेंकडा ७० ते ८० पर्यंत येतें. त्यापुढें फारसें वाढत नाहीं. खालचें पटल तर याहूनही सावकाश बळ धरतें. टांके काढल्याच्या दिवशीं, म्हणजे रुग्णास आपण बरे झालों असें वाटूं लागतें त्याच दिवशीं, त्याचें पोट आंतून किती कच्चें असतें, हें या हिशेबावरून कळेल.

यामुळें पोट शिवण्याचा धागा आणि शिवण्याची रीत यांस फार महत्त्व आहे. जोसेफ लिस्टर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कार्बोलिक अम्लानें शुद्ध केलेला, मेंढीच्या आंतड्याचा धागा प्रचारांत आणिला. तो शरीरांत आपोआप विरे, ही मोठीच सोय होती. परंतु पटलास बळ येण्यापूर्वींच तो विरून जाई. उलट रेशमाचा धागा टिके, पण जंतूंस आसरा देई. आज सामान्यतः असा कृत्रिम एकपदरी धागा वापरतात कीं ज्याचें पुष्कळसें बळ आरंभींचे कांहीं आठवडे टिकतें आणि जो सुमारें सहा महिन्यांत पूर्णपणें विरतो. धाग्याइतकेंच त्याच्या लांबीचेंही महत्त्व आहे. १९७६ सालीं इंग्लंडमधील जेंकिन्स या शल्यवैद्यांनीं असें दाखविलें कीं, शस्त्रक्रियेनंतर पोट फुगलें म्हणजे जखमेची लांबी शेंकडा ३० पर्यंत वाढूं शकते. धागा आंखूड असला तर तो मग पटलास करवतीप्रमाणें कापतो. म्हणून छेदाच्या लांबीच्या निदान चौपट धागा शिवणींत गेला पाहिजे, असा नियम रूढ झाला. २० सेंटिमीटरांच्या छेदास ८० सेंटिमीटर धागा, असा हा सरळ हिशेब आहे.

यापुढची पायरी नेदरलँड्समधील शल्यवैद्यांनीं घेतली. ५६० रुग्णांवर केलेल्या आणि २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्यांनीं दोन रीतींची तुलना केली. एकींत कडेपासून एक सेंटिमीटर अंतरावर व तितक्याच अंतरानें मोठे टांके. दुसरींत कडेपासून पांच मिलिमीटरांवर व पांच मिलिमीटरांच्या अंतरानें बारीक टांके. वर्षअखेरीस मोठ्या टांक्यांच्या गटांत शेंकडा २१ जणांस जखमेच्या जागीं अंतर्गळ, म्हणजे ज्यास सर्वत्र हर्निया म्हणतात तो, झालेला आढळला. बारीक टांक्यांच्या गटांत शेंकडा १३ जणांस. चांगल्या शिंप्याचा टांका बारीक असतो, हें घरांतील वडीलधाऱ्या बायका जाणतातच. तें पोटाच्या बाबतींतही खरें ठरलें. परंतु याच आंकड्यांचा दुसरा अर्थही विसरूं नये. अधिक चांगल्या रीतीनें शिवूनही आठांतील एकाच्या पोटास वर्षाच्या आंत भोंक पडलें होतें. निर्दोष शिवण म्हणून कांहीं नाहीं. म्हणूनच पुढील काळजीचें महत्त्व.

कित्येकदां शल्यवैद्य जखम मुद्दाम उघडी ठेवितात, आणि त्याचा अर्थ न कळल्यामुळें नातलग घाबरतात किंवा रागावतात. पोटांत पू किंवा मळ सांडलेला असला, तर आंतील पटल शिवून वरची त्वचा चार-पांच दिवस उघडी ठेवण्याची पद्धति आहे. घाण बंद करून ठेवण्यापेक्षां ती वाहूं देणें बरें, हा धडा पहिल्या महायुद्धांतील रणांगणावरच्या जखमांनीं पक्का शिकविला. जखम स्वच्छ लाल दिसूं लागली म्हणजे मग त्वचा जोडतात, किंवा ती खालून वर आपोआप भरूं देतात.

याहून कठीण प्रसंग म्हणजे सबंध पोटच उघडें ठेवणें. अतिशय रक्तस्राव झालेल्या रुग्णाचें शरीर थंड पडतें, रक्त गोठेनासें होतें, आणि अशा वेळीं चार तास चालणारी शस्त्रक्रिया त्याचा प्राणच घेते. म्हणून प्रथम रक्त थांबवावें, मळ काढावा, पोट तात्पुरतें झांकावें, रुग्णास अतिदक्षता विभागांत नेऊन ऊब, रक्त व श्वास यांची व्यवस्था लावावी, आणि एक-दोन दिवसांनीं उरलेलें काम करावें, असें तंत्र गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत पुढें आलें. कधीं आंतडीं इतकीं सुजतात कीं पोट ओढून मिटविल्यास आंतील दाबानें मूत्रपिंडें व फुप्फुसें निकामी होतील. तेव्हांही तें उघडेंच ठेवावें लागतें. मग झांकावयाचें कशानें? १९८४ सालीं कोलंबिया देशांतील बोगोटा शहरांत ओस्वाल्दो बोर्राएस या शल्यवैद्यांनीं शिरेंतून द्यावयाच्या सलाइनची निर्जंतुक पिशवी कापून ती पोटाच्या कडांस शिवली. पिशवी पारदर्शक असल्यानें आंतड्यांचा रंग बाहेरून दिसे, आणि तिला खर्च जवळजवळ नव्हता. ‘बोगोटा पिशवी’ या नांवानें ती जगभर पसरली. पुढें स्पंज व पातळ पडदा घालून यंत्रानें मंद शोषण करण्याची पद्धति आली. तिनें आंतील द्रव निघून जातो आणि कडा मागें सरकण्यास कांहींसा अटकाव होतो.

उघड्या पोटाच्या बाबतींत काळ हाच शत्रु असतो. साधारण आठवड्याभरांत पोट मिटवितां आलें तर उत्तम. जितका उशीर, तितक्या कडा दूर सरकतात, आंतडीं एकमेकांस चिकटतात आणि उघड्या आंतड्यास छिद्र पडून मळ बाहेर वाहूं लागण्याचें भय वाढतें. मिटविणें शक्यच न झालें तर आंतड्यांवर लाल मांसांकुर येऊं देतात, त्यावर मांडीची पातळ त्वचा लावितात आणि रुग्णास मोठा अंतर्गळ ठेवूनच घरीं पाठवितात. ही हयगय नसून विचारपूर्वक स्वीकारलेला मार्ग आहे. सहा महिने ते वर्षभरानें, आंतील चिकटलेले भाग सैल झाल्यावर आणि लावलेली त्वचा चिमटींत सुटी उचलतां येऊं लागल्यावर, पोटाची भिंत नव्यानें उभारतात. दोन्ही बाजूंच्या स्नायूंचे थर एकमेकांपासून मोकळे करून ते मध्यावर आणण्याची रीत १९९० सालीं रामिरेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडली. तिच्या जोडीस कृत्रिम जाळीचा आधार देतात. म्हणजे अशा रुग्णाचें आजारपण सुमारें एक-दीड वर्षाचें असतें, आणि मधला काळ हा दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी असतो, हें घरच्यांनीं पहिल्याच दिवशीं समजून घेतलें पाहिजे.

पोट मिटवून घरीं आलेल्या रुग्णाच्या बाबतींत पहिलें भय पांचव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमाराचें. जखमेंतून एकाएकीं गुलाबी, पाण्यासारखा द्रव येऊं लागला आणि पट्टी भिजली, तर तो आंतील शिवण सुटत असल्याचा इशारा समजावा. दुखणें अशा वेळीं फारसें नसतें, म्हणूनच फसगत होते. क्वचित् खोकल्याच्या उबळीबरोबर जखम उघडून आंतडें बाहेर येतें. तें हातानें आंत ढकलूं नये. त्यावर हळद, राख किंवा तेल कांहींही लावूं नये. रुग्णास उताणें निजवून गुडघे दुमडावे, निर्जंतुक सलाइननें भिजविलेली आणि तें न मिळाल्यास उकळून निवविलेल्या पाण्यांत भिजविलेली स्वच्छ पट्टी आंतड्यावर ठेवावी, तोंडानें पाणीही देऊं नये आणि तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेलें इस्पितळ गांठावें. ताप, जखमेभोंवतीं लाली व ठणका, दुर्गंधी स्राव, वाढती पोटफुगी, हीं चिन्हेंही वाट पाहत बसण्याचीं नव्हेत.

दुसरा प्रश्न अन्नाचा. आणि येथें कित्येक घरें प्रेमापोटीं चुकतात. शस्त्रक्रिया झाली म्हणून वरण, अंडें, दूध बंद करून पेजेवर व तांदळाच्या मऊ भातावर रुग्णास ठेवण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणीं आहे. ‘डाळीनें पू होतो’ ही समजूत निराधार आहे. कोलॅजन प्रथिनांपासूनच बनतें. बऱ्या होत असलेल्या माणसास त्याच्या वजनाच्या दर किलोमागें रोज सुमारें सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनें लागतात. ५० किलो वजनाच्या माणसास ६० ते ७५ ग्रॅम. उघड्या पोटांतून वाहून जाणाऱ्या द्रवाबरोबर प्रथिनेंही जातात, म्हणून अशा रुग्णास याहूनही अधिक लागतात. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरांत त्यासाठीं परक्या वस्तूंची जरूर नाहीं. आंतडें चालूं लागल्यावर, वैद्यांच्या अनुमतीनें, मुगाचें वरण, मोड आणून शिजविलेली मटकी, दूध, दहीं, अंडें, शेंगदाण्याचा कूट आणि ज्वारीची मऊ भाकरी यांवर हा हिशेब जुळतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तेथें मात्र प्रमाण वैद्यांनींच ठरवावें.

क जीवनसत्त्वाविषयींचा एक प्रयोग येथें सांगण्याजोगा आहे. जॉन क्रँडन या अमेरिकन तरुण शल्यवैद्यांनीं स्वतःवर सहा महिने क जीवनसत्त्वरहित आहाराचा प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त १९४० सालीं प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनीं त्यांच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम व्यवस्थित भरली. सहा महिन्यांनीं केलेली मात्र त्वचेखालीं भरलीच नाहीं. जीवनसत्त्व दिल्यावर ती भरूं लागली. आवळा, पेरू, लिंबू हीं फळें गरिबाच्याही आटोक्यांतील आहेत. ‘आंबट खाल्ल्यानें जखम चिघळते’ म्हणून तीं वर्ज्य करणें म्हणजे औषध दारांतून परत धाडणें होय. मधुमेह असल्यास साखर आटोक्यांत ठेवणें, आणि विडी, सिगारेट व तंबाखू पूर्णपणें सोडणें, हेंही घाव भरण्याच्या उपायांतच मोडतें. धुरानें जखमेस प्राणवायु कमी पडतो आणि खोकल्यानें शिवणीवर हिसके बसतात; एकाच व्यसनाचे हे दोन घाव आहेत.

तिसरा प्रश्न हालचालीचा. पूर्वीं पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास दोन-तीन आठवडे अंथरुणांतच ठेवीत. शिकागो येथील एमिल रीस यांनीं १८९९ सालींच रुग्णांस लवकर उठविण्याचा पुरस्कार केला होता, पण ती गोष्ट सर्वमान्य होण्यास दुसरें महायुद्ध उजाडावें लागलें. आज शक्य असेल तेथें पहिल्या-दुसऱ्या दिवशींच रुग्णास चालवितात. चालण्यानें शिवण सुटत नाहीं. पायांच्या शिरांत रक्त गोठणें व फुप्फुसांत कफ सांचणें मात्र टळतें. उठतांना सरळ उठून बसूं नये. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन, पाय खालीं सोडून उठावें. खोकतांना व शिंकतांना पोटावर उशी किंवा घडी केलेली चादर घट्ट धरावी. मलावरोध होऊं देऊं नये. पोटास बांधावयाच्या पट्ट्यानें वेदना कमी होतात व चालण्यास धीर येतो. पण पट्टा बांधला म्हणून अंतर्गळ होणार नाहीं, असें मात्र समजूं नये.

ओझ्याविषयीं सर्व शल्यवैद्यांचें एकच मत नाहीं. मध्यरेषेवरील मोठ्या छेदानंतर सहा ते आठ आठवडे जड वजन वर्ज्य, आणि पुढें क्रमाक्रमानें वाढ, असा सल्ला सामान्यतः देतात. पोट उघडें ठेवावें लागलें असेल तर ही मुदत वैद्य वाढवितात. येथें वैद्यकीचा प्रश्न संपून संसाराचा सुरू होतो. बारा लिटरांची भरलेली कळशी भांड्यासह बारा किलोंहून अधिक भरते. उसाची मोळी तर त्याच्या कितीतरी पट. ज्या घरांत पाणी बाईनेंच आणावयाचें, आणि ज्या जोडप्यानें कारखान्याच्या हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, तेथें ‘दोन महिने ओझें उचलूं नका’ हें वाक्य कागदावरच राहतें. म्हणून घरीं सोडण्याच्या वेळींच सासू, दीर, जाऊ, मुलगे यांस समोर बसवून कोणतें काम कोण करणार हें ठरविणें, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. शहरांतील नातलगांस मदत करावयाचीच असेल, तर फळांच्या करंडीपेक्षां दोन महिन्यांच्या मजुरीची भरपाई अधिक उपयोगी पडेल. देवीचा डोंगर चढण्यास तितकी हरकत नाहीं; सपाट रस्त्यावर न थकतां अर्धा-पाऊण तास चालतां येऊं लागलें, कीं वैद्यांस विचारून, हातांत ओझें न घेतां, थांबत थांबत पायऱ्या चढाव्या. दंडवत घालीत जाण्याचा नवस असेल तर तो पुढल्या वर्षावर ढकलावा.

सहा महिने सुखरूप गेले म्हणून सावधपणा सोडतां येत नाहीं. अंतर्गळ बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत प्रकट होतो. उभें राहिल्यावर किंवा खोकल्यावर जखमेच्या रेषेंत फुगवटा येतो आणि निजल्यावर जिरतो. तो दुखत नाहीं म्हणून लपविण्याकडे कल असतो, विशेषतः स्त्रियांचा. पण लहान असतां दुरुस्ती सोपी असते. फुगवटा कडक होऊन दुखूं लागला आणि आंत जाईनासा झाला, तर तास मोजण्याची वेळ आली असें समजावें. दुसरें उशिरा येणारें संकट आंतड्यांच्या चिकटण्याचें. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांच्या आंतड्यांत थोडेफार पापुद्रे चिकटतात. त्यांतील थोड्यांस पुढें, कधीं वर्षानुवर्षांनीं, मार्ग अडून मुरडा, वांति, पोटफुगी आणि वारा न सरणें हीं लक्षणें होतात. अशा वेळीं जुलाबाचें औषध देणें घातक होय. त्यांत जुन्या शस्त्रक्रियेची माहिती नव्या वैद्यास असली तर निदान लवकर होतें. याकरितां सुटीच्या वेळीं मिळालेला कागद, म्हणजे कोणता छेद घेतला, आंतड्याचा कोणता भाग काढला, जाळी बसविली कीं नाहीं हें लिहिलेला कागद, जमिनीच्या सात-बारा उताऱ्याइतक्याच काळजीनें जपून ठेवावा.

मनाच्या जखमेचा उल्लेख कोठल्याच कागदावर नसतो. अतिदक्षता विभागांत अनेक दिवस काढलेल्या माणसास पुढें महिनोन् महिने झोंप न लागणें, दचकणें, विसरभोळेपणा, चिडचिड असे त्रास होतात. पोटावरच्या वेड्यावांकड्या व्रणाची लाज वाटते. पतिपत्नींत बोलणें खुंटतें. खोकण्याची आणि हंसण्याचीही भीति बसते. घरचे म्हणतात, ‘आतां तर बरा झालास, मग उठत कां नाहींस?’ रुग्ण आळशी नसतो. त्याच्या शरीरानें भिंत बांधावयास घेतलेली असते, आणि त्या बांधकामांत त्याची सारी शक्ति खर्ची पडत असते. त्याच्याकडून रोज थोडें अधिक चालणें, थोडें अधिक खाणें आणि वेळच्या वेळीं तपासणीस जाणें एवढेंच मागावें. वर्ष उलटल्यावर त्यानें उभें राहून खोकून दाखवावें, वैद्यांनीं रेषेवर हात ठेवावा आणि खालीं फुगवटा लागूं नये. तोंवर शस्त्रक्रिया संपली असें कोणीं म्हणूं नये.